दोन भिंतींचं घर

“बाई, सरकारी घरकुलाला चार भिंती स्वतःच्या लागतात,” इंजिनिअर म्हणाला.

“कुठं लिहिलंय? वाचून दावा.”

इंजिनिअर कागद चाळत राहिला. त्याला सापडेना.

शाळेतली खिचडी उतरवून महानंदा तशीच ग्रामसभेत आली होती. हाताची हळदसुद्धा धुतली नव्हती. तिचं पडलेलं घर ईश्वरप्पांचं किराणा दुकान आणि मुक्ताबाईचं घर यांच्या मधोमध होतं. दहा फूट रुंद, सत्तावीस फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती ठणठणीत उभ्या. पुढची आणि मागची भिंत बांधली, वर पाच तुळयांचं छत घातलं की झालं घर. विटा निम्म्या, सिमेंट निम्मं, ऊन लागणार ते दोनच बाजूंनी. खिचडी शिजवणाऱ्या बाईला हे कळत होतं. इंजिनिअरला फक्त नकाशा कळत होता.

नकाशात घरकुलं गावाबाहेर माळावर होती. एकेक सुटं, चारी अंगांनी तापणारं. शाळा नाही, गिरणी नाही, झाड नाही. शेजारी सरपंच सुंदररावांचे प्लॉट तेवढे होते. घरकुलांच्या नावावर तिथं रस्ता जाणार, वीज जाणार. सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

“पाच मिनिटांवर तर हाय माळ,” सुंदरराव म्हणाले.

“गाडीत बसून पाच मिनिटं. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन एकदा चला आमच्यासंगं, मग सांगा.”

बाया हसल्या. सुंदररावांचा चेहरा उतरला.

“लई झालं. माळावर जायला तयार म्हणून सही कर, न्हाईतर घरकुल गेलं तुझं.”

घरं पडलेल्या बाकीच्या सात जणांनी सह्या केल्या. ताडपत्रीखाली लेकरं घेऊन राहणाऱ्यांना नावं ठेवायची कुणी? ‘माझी भिंत घे’ म्हणू शकणारे ईश्वरप्पा खाली बघत बसले. महानंदानं कागद ओढला आणि सहीच्या जागेवर लिहिलं, ‘मला माळावर जायचं नाही. माझी जागा गावात आहे.’ खाली नाव, तारीख.

“पोच द्या,” ती म्हणाली. मिळाल्यावरच निघाली.

शेजाऱ्याच्या भिंतीवर तुळई टेकवायची तर आमच्याकडे नारळ घेऊन विचारतात. तो हो म्हणाला, की पहिली खाच त्याच्याच हातानं पडते. मुक्ताबाई रात्रीच हो म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा नारळ घेऊन ईश्वरप्पांच्या दुकानापुढं उभी राहिली.

“अप्पा, काल गप बसलात कावून?”

“भ्यालो,” ईश्वरप्पा म्हणाले.

“आन् आज?”

त्यांनी नारळ घेतला. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं, छिन्नी-हातोडा काढला आणि तिच्या जागेत येऊन स्टुलावर चढले. रस्त्यानं सुंदररावांची गाडी आली, हळू झाली, काच खाली गेली. अप्पांनी मान वळवून पाहिलं. मग घाव घातला. पांढरी माती महानंदाच्या पदरावर सांडली.

“तुळया किती हायेत तुझ्याकडं?”

“एकच.”

“मंग एकच खाच पाडतो.”

“न्हाई अप्पा,” महानंदा म्हणाली. “पाच पाडा.”