शिकस्तीचा जीव टांगणीला

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव शिकस्त. ऐकल्याबरोबर तुम्ही माझ्यापुढे 'प्रयत्नांची' जोडलंत ना? ठाऊक आहे मला! पण माझा जन्म फारसीतला. तिथे माझं कूळ मोडण्या-तुटण्याचं. उर्दू-हिंदीत गेलो, तिथे माझा अर्थ झाला हार. मराठीत आलो आणि कोण जाणे कसं, नशीबच पालटलं. इथे मी म्हणजे पराकाष्ठा! केवढा मान! पुढे मात्र लोकांनी माझा पार चोथा केला. तुंबलेलं गटार साफ करायचं असलं तरी भाषणात 'प्रयत्नांची शिकस्त करू', आणि गटार आपलं तुंबलेलंच. तेव्हापासून मी धास्तावलोय. कुणी मला तोंडात घेतलं की छातीत धडधडतं.

परवा इस्पितळात डॉक्टरांनी मला उच्चारलं. खाटेवर न्यूमोनियाने बेशुद्ध झालेला एक माणूस होता आणि त्याला श्वास देणारं यंत्र अचानक बंद पडलं होतं. सिस्टर रबरी पिशवी हाताने दाबून त्याला श्वास देत होत्या. दुसरं यंत्र शेजारच्या इमारतीतून यायचं होतं.

"आम्ही प्रयत्नांची शिकस्त करतोय," एवढं बोलून डॉक्टर यंत्र आणायला धावले.

खाटेशी त्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, आणि बायको उभ्या होत्या. बायकोला ताई 'धाकटी' म्हणत. धाकटीचं माहेर हिंदी बोलणारं. माझा मराठी अर्थ तिला पक्का माहीत होता, पण घाबरलेलं माणूस माहेरच्या कानांनी ऐकतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं वेडे, सोडलेलं नाही त्यांनी," ताई म्हणाल्या. "जिवाचं रान करतायत."

"मग मला दिसू दे ना ताई!"

तेवढ्यात पलीकडचा रुग्ण तडफडू लागला. सिस्टरनी पिशवी धाकटीच्या हातात दिली. "मी म्हणते तशी दाबा. दाबा... सोडा. थांबायचं नाही." आणि तिकडूनच त्या ओरडत राहिल्या, "दाबा... सोडा..."

धाकटीची बोटं वळायला लागली.

"दे इकडे."

"नको ताई, देता-घेता चुकलं तर?"

ताईंनी वाद घातला नाही. तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघी मिळून दाबू लागल्या. किती वेळ गेला देव जाणे. यंत्र कुठे अडकलं? की येणारच नाही? भीतीने माझी तर गाळण उडाली होती.

शेवटी डॉक्टर धापा टाकत यंत्र ढकलत आले. नळी जोडली. त्याची छाती वरखाली होऊ लागली. तरी धाकटीची रिकामी मूठ दाबतच होती, सोडतच होती. ताईंनी ती हळूच धरून ठेवली.

"वाचतील ना?" धाकटीने विचारलं.

"आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मी आज घरी जात नाहीये. इथेच बसतो." आणि त्यांनी खाटेशेजारी स्टूल ओढलं.

धाकटी तेव्हा कुठे रडली. डॉक्टरांनी या वेळी मला घेतलंच नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मला जपायचं तर एवढंच करा. जीव तोडून काम करत असाल, तर मला खुशाल वगळा. पण काही करायचंच नसेल, तर हात जोडतो, मला हाक मारू नका. पलीकडे कुणाचा तरी श्वास अडकलेला असतो.