तारखेआधी रोपं मिळणार नाहीत

"काका, अंगावर स्वेटर ठेववत नाही आज, आणि तुम्ही म्हणताय थंडी आहे?" पोस्टमनने फाटकाच्या गजांतून आत डोकावत विचारलं.

"आहे कुठे म्हणतोय? येईल म्हणतोय," काका म्हणाले आणि फाटकावरची पाटी फडक्याने पुसायला लागले. पाटीवर त्यांच्याच ठळक अक्षरात लिहिलं होतं, अठ्ठावीस मेच्या आधी रोपं मिळणार नाहीत.

"माझ्या शेजारणीने तर काकड्या लावल्यासुद्धा."

"मग आठवड्याभराने सांत्वनाला जाऊन या तिच्याकडे."

फाटकाबाहेर जमलेली दहा-बारा माणसं हसली. रोपं मिळणार नाहीत हे त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण रविवार होता, ऊन होतं, आणि काकांना छेडायची मजा दरवर्षीचीच होती.

गाव उत्तरेकडचं. सहा महिने बर्फ, मग महिनाभर नुसता चिखल. मे उजाडला की दक्षिणेचा वारा सुटतो, शर्टाच्या बाह्या वर जातात आणि भल्याभल्यांचं डोकं फिरतं. कुदळी निघतात, वाफे होतात, रोपं लागतात. आणि मग एखाद्या स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री तळ्याकडून गारठा सरपटत येतो. सकाळी उठून बघावं तर उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून सगळी रोपं आडवी! म्हणून नगरपालिकेच्या रोपवाटिकेत तेहेतीस वर्षं काम करणाऱ्या या माणसाच्या शब्दाला गावात मान होता. लोक त्यांना तारीखकाकाच म्हणत. घोट्याच्या उंचीवर टांगलेले तीन थर्मामीटर ते रोज सकाळी वाचत, कारण थंडी पाण्यासारखी खाली उतरून सखल जागी साठते. मनगटापर्यंत हात मातीत घालून आतली ऊब बघत. मिजास म्हणाल तर एवढीच, की आपल्या तारखेनंतर लावलेलं एकही रोप अजून थंडीने गेलेलं नाही.

पण आज काकांचं मन थाऱ्यावर नव्हतं. हात पाटीवर आणि नजर चढाच्या रस्त्यावर, असं सकाळपासून चाललं होतं. मेच्या दुसऱ्या रविवारी ताई यायची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा काका चार वर्षांचे आणि ताई तेरा. तिनेच त्यांना न्हाऊ घातलं, रट्टे घातले, शाळेत ओढत नेलं. पुढे तिने जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. काचघरात शिरताना वाकावं लागण्याइतका हा धिप्पाड माणूस, पण तिच्या तोंडी अजून बारक्याच. दरवर्षी याच रविवारी ती टोपली घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि सगळ्यांदेखत दोघांची जुंपायची.

"दे रे बारक्या, सहा टोमॅटो."

"नाही."

"सख्ख्या बहिणीला नाही म्हणतोस?"

"थंडी काय बहीण बघून पडते?"

"दगड आहेस मेल्या, दगड!" असं म्हणून ती तरातरा चढ चढून जायची. मग आठवडाभर गणवेशाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगायची, "माझा भाऊ, पण मलासुद्धा देत नाही हो!" आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा, की ऐकणारीने काय ते समजावं.

गेल्या गुरुवारी मात्र भाचीने, म्हणजे ताईच्या मुलीने, त्यांना इस्पितळात बोलावून घेतलं होतं. बाकावर शेजारी बसवून ती म्हणाली, "मामा, आईला यातलं काही सांगायचं नाही. तिला अल्सर आहे असंच सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे. फार तर अडीच." बोलता बोलता तिचा बांध फुटला. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात तेहेतीस वर्षांच्या सवयीने हिशेब होऊनही गेला. अडीच आठवडे म्हणजे चोवीस मे. अठ्ठावीसला चार दिवस कमी. हा हिशेब आपल्याला सुचलाच कसा, याची त्यांना इतकी शरम वाटली की भाचीकडे बघवेना. "ताकास तूर लागू देणार नाही," एवढं बोलून ते उठले.

आज सकाळी काचघरात त्यांनी मिरचीच्या रोपांसमोर उभं राहून "नाही" म्हणून बघितलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा बरं जमलं होतं.

ताई आली. चढ उतरताना दोनदा थांबली, टोपली या हातातून त्या हातात घेतली. अंगातला झगा तिने दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवला होता, तरी खांद्यांवरून ओघळत होता. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. पोस्टमनने डोळे मिचकावले. आता मजा येणार होती.

"दे रे बारक्या, सहा टोमॅटो."

काकांनी तोंड उघडलं. तिच्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं, ज्या हाताने लहानपणी त्यांना रट्टे बसत तो हात टोपलीच्या दांडीइतका बारीक झाला होता. ते आत गेले, सहा चांगली बुटकी, जाड देठाची रोपं निवडली आणि आणून तिच्या टोपलीत ठेवली.

"ने, ताई."

कुणीच हसलं नाही. ताई हसतमुखाने आली होती, ते हसू तसंच राहिलं. फक्त डोळे बदलले. सुईत दोरा ओवताना बघावं तसं तिने भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

मग एकच गलका झाला. म्हणजे लावायला सुरुवात करायची का? बहिणीला दिलीत मग आम्ही काय घोडं मारलंय? काकांनी फाटक लावून घेतलं. आत जाऊन ते उलट्या बादलीवर बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या.

पाच वाजता ते ताईच्या घरी गेले. भाची औषधं आणायला गेली होती. टोपली शिलाई मशीनच्या शेजारी टेबलावर होती, रोपं न लावलेली. ताई खिडकीजवळ बसली होती.

"बस," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणालेत?"

"अल्सर..."

"बारक्या, सत्तावन्न वर्षं ओळखते मी तुला. अल्सरवाल्या बाईला तू रोपं दिली नसतीस."

जिवापाड जपायची ती एकच गोष्ट, आणि तीच काकांनी भर बाजारात, टोपलीत घालून, बहिणीच्या हातात दिली होती. "चुकलो गं," ते म्हणाले. रडूच कोसळलं त्यांना.

तिने त्यांना रडू दिलं. मग विचारलं, "गावाला तारीख सांगतोस ना? मला एवढंच सांग. अठ्ठावीसच्या आधी की नंतर?"

बाहेर कुणीतरी कुदळ चालवत होतं. शेवटी काका म्हणाले, "आधी."

"हं," ताई म्हणाली. पदर नसलेल्या झग्याची बाही तिने उगाच नीट केली, पुन्हा नीट केली. तिला भीती वाटत होती, आणि ती तिने लपवली नाही. "भीती वाटते रे," ती म्हणाली. काकांनी तिचा हात धरला.

मग तिने टोपलीकडे बोट दाखवलं. "ही परत ने."

"राहू दे ना. मी येऊन लावून देतो उद्या. रात्री झाकू, काहीतरी करू."

"आणि माझं बघून अख्खं गाव लावेल, त्याचं काय? खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या रात्री उठून झाकायला जाणार आहेत होय? त्यांचा सगळा उन्हाळा त्या वाफ्यावर असतो." तिला धाप लागली. "आणि ही कोवळी पोरं मारायची कशाला? मी जाणार म्हणून?"

"मग काय करू मी, सांग तूच."

"तू काही करू नकोस. तू केलंस की घोटाळा होतो. आणि माझ्या लेकीला बोलू नकोस मला कळलंय म्हणून. बिचारी इतकं चांगलं खोटं बोलते, तिला वाटू दे जमतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर चाळीसेक माणसं होती, टोपल्या आणि खोकी घेऊन. ऊन आदल्या दिवसापेक्षा कडक. काका नाही म्हणत होते, पण त्या 'नाही'त आता दम राहिला नव्हता, आणि लोकांना ते कळत होतं. "काल कशी दिलीत?" या एका प्रश्नापुढे त्यांचं सगळं घोडं अडत होतं.

तेवढ्यात ताई आली. एका हाताला भाची, दुसऱ्या हातात टोपली. भाचीने टोपली घ्यायला हात पुढे केला तर ताईने तो झटकला. गर्दीतून वाट काढत ती फाटकाशी आली आणि टोपली खाली ठेवली.

"घे तुझी रोपं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "काल माझा चेहरा बघून कळवळा आला याला. घरी जाऊन थर्मामीटर लावला, तर पहाटे अंगणात पारा एक अंशावर! माझा भाऊ चुकला, कधी नव्हे तो."

पोस्टमन हसला. मागे दोघंतिघं हसले. ताईच्या घरात थर्मामीटर कधीच नव्हता, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

"आता पुन्हा मागते," ती म्हणाली. "दे रे बारक्या, सहा टोमॅटो."

काकांनी तिच्याकडे बघितलं. ती दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून, मान वर करून उभी होती, आणि तिला काय हवंय ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले.

"मोठ्याने बोल की. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"नाही मिळणार, ताई! अठ्ठावीसला ये."

"सख्ख्या बहिणीला?"

"थंडी काय बहीण बघून पडते?" काकांनी फाटकावरच्या पाटीवर बोट ठेवलं. "अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस."

"दगड आहेस मेल्या, दगड!" ताई म्हणाली. सबंध रांग खदखदून हसली. खोकी खाली झाली, लोक पांगायला लागले. भाचीसुद्धा हसत होती, किती दिवसांनी.

ताईने गज सोडले. तिचा चेहरा फुलला होता. "अठ्ठावीसला पहिला नंबर माझा, लिहून ठेव," ती म्हणाली आणि भाचीच्या आधाराने चढाला लागली. दर दहा पावलांवर थांबत होती, आणि भेटेल त्याला मागे फाटकाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल ते काकांना इतक्या लांबूनही कळत होतं.