अडखळण्याची शिकवणी

तिसरीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'या वर्गात आपण सगळे अस्खलित वाचतो.' ज्यांना वाचता येत नसे त्यांना वर्गाबाहेर काढत, म्हणजे भिंत खोटी पडत नसे. अशी पाच मुलं खेळाच्या सामानाच्या खोलीत, हवा गेलेल्या चेंडूंशेजारी, जादा वाचनाच्या बाईंकडे बसत. त्यांना सगळे जादाबाईच म्हणत. शाळेतही त्या जादाच धरल्या जात.

पाचाहून कमी मुलं झाली की हा वर्ग बंद, असा नियम होता. आणि यंदा घात झाला. भिंगरी वाचायला लागली. एका जागी पळभर न टिकणारी ही पोरगी आता पुस्तक हाती आलं की उठेना. वाचनाच्या परीक्षेत ती पास झाली की उरणार चौघं, आणि ती चौघं तर अजून जोडाक्षर दिसलं की बाकाखाली शिरत.

जादाबाईंनी मन घट्ट केलं.

"भिंगरे, मोठ्या बाईंसमोर जरा चुकशील का गं? नाहीतर आपला वर्ग जाईल."

"पूर्वी चुकायची तसं? ते विसरले मी, बाई."

"मी शिकवते."

वाचायला शिकवण्यापेक्षा हे अवघड निघालं. पोरगी मध्येच गोष्टीत रमायची आणि सरळ वाचत सुटायची.

"थांब! येत असलं तरी थांब. कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी नीट वाचायचं नाही."

"तुम्ही सांगितलं तरी?"

"मी सांगितलं तरी."

भिंगरी कुठलीही गोष्ट अर्धवट शिकत नसे, हे बाईंनी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.

परीक्षा घ्यायला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः बसल्या. 'ससा' या दोन अक्षरांत भिंगरी तीनदा थांबली. मग तिने पुस्तक उलटं धरलं आणि जरा बरं वाचलं. मोठ्या बाईंनी तिला बाहेर पाठवलं.

"जादाबाई, मागच्या वर्षी ही पोर 'ससा' तरी वाचत होती. तुमच्याकडे बसून होतं तेही गेलं. वर्ग आजपासून बंद. निदान बाकीची आणखी बिघडणार नाहीत. आणि हिला पुन्हा पहिलीत बसवा."

जादाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, तिला येतं! मीच तिला चुकायला सांगितलं होतं!"

भिंगरीला परत बोलावलं.

"बाळा, आता खरंखरं वाच. तुझ्या पाया पडते."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकं झकास नाटक भिंगरीने कधी बघितलं नव्हतं. आपणही कमी पडायचं नाही, असं ठरवून तिने 'स'वर बोट ठेवलं आणि तिथेच मुक्काम ठोकला.

"पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपलं अपयश लेकराच्या माथी मारता? शोभतं का हे?"

व्हरांड्यात भिंगरीने बाईंचा पदर ओढला. "रडून फसवत होतात ना मला? मी काही फसले नाही!"

"नाही फसलीस, बाई माझी."

"मग राहिला ना आपला वर्ग?"

जादाबाईंनी तिचे केस सारखे केले. "जा, सगळ्यांना म्हणावं दप्तरं आवरा."

भिंगरी पळत सुटली. लवकर सुटी मिळाली, असंच तिला वाटलं. चौघांनाही तेच वाटलं असावं, कारण चेंडूंच्या खोलीतून असा काही जल्लोष उठला की मोठ्या बाईंनी दार उघडून सगळ्यांना दटावलं.