पंधरा चौकोन

“कधीपासून असं दिसतंय, काकू?”

“आठवडा झाला. आधी वाटलं, माझ्याच चष्म्याचा दोष. पुसून पुसून पाहिलं. पांढरं ते पांढरंच.”

मोजमापनं माशांच्या टाकीच्या काचेला जवळजवळ नाक लावलं. टाकीच्या डाव्या बाजूला, उंच खडकावर बसलेलं ते प्रवाळ गेल्या खेपेला तपकिरी होतं. त्याच्या शेकडो बोटांच्या टोकांना हिरवे मणी होते, आणि पाणी हललं की ती सगळी बोटं वाऱ्यावरच्या गवतासारखी डुलत. आता ती आत ओढलेली होती आणि अंग खडूसारखं झालं होतं.  पिशवीतून मीटर काढायच्या आधीच त्याला कारण कळलं होतं.

मोजमाप हे त्याचं टाक्यांच्या दुकानातलं नाव. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. बावीस वर्षं तो घरोघरी, दवाखान्यांत, हॉटेलांत जाऊन खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतला उजेड मोजत आला होता. काठीच्या टोकाला बटणाएवढी चकती, तिला जोडलेली वायर, वायरच्या दुसऱ्या टोकाला तळहातात मावणारं मीटर. बाही खांद्यापर्यंत गुंडाळायची, काठी पाण्यात घालायची, आकडा ठरेपर्यंत श्वास धरायचा आणि कागदावर त्या जागेच्या चौकोनात लिहायचा. लग्न राहूनच गेलं होतं. थोरल्या बहिणीकडे राहायचा. ताई म्हणायची, “हा उभ्या उभ्या झोपतो, आणि स्वप्नंसुद्धा पाण्यातलीच बघतो.” त्यात खोटं काही नव्हतं.

या घरी तो नऊ वर्षं येत होता. टाकी काकांची. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी अंगठ्याएवढा एक तुकडा आणून खडकाला चिकटवला, तो वाढत वाढत फुटबॉलएवढा झाला. त्याला ते ‘गेंद’ म्हणत. गेल्या दोन वर्षांत काकांची आठवण ओसरत चालली होती. मुलीचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, आपण जेवलो की नाही तेही गेलं. गेंद मात्र राहिला होता. दुपारचं जेवण झालं की ते टाकीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसत, ते दिवे बंद होईपर्यंत.

तीन आठवड्यांपूर्वी मोजमाप इथे जुन्या ट्यूब काढून नवे एलईडी दिवे बसवायला आला होता. दिवे लागले आणि खोलीच बुडाली. छतावर निळ्या रेषांचं जाळं पसरलं, भिंतीवरून घरंगळत काकांच्या पांढऱ्या केसांवर आलं, तिथून मोजमापच्या ओल्या हातावर. त्यानं तीन चौकोन मोजले. मग काका म्हणाले, “बसा की.” तो शेजारच्या स्टुलावर टेकला. पाण्याची बुडबुड, पंख्याची घरघर, आणि समोर गेंद आपली बोटं उलगडतोय, मिटतोय. काकांनी त्याचा हात हातात घेतला होता, कोणाचा समजून कोण जाणे. आपण खूप खाली, कोमट पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी आपल्याला कोणी शोधत नाहीये, असं त्याला वाटलं. डोळा लागला. जाग आली तेव्हा पुढच्या घराची वेळ टळून गेली होती. ट्यूबच्या काळात तीन जागा मोजल्या की बाकीच्या बारा अंदाजानं कळायच्या, कारण तो उजेड सारखा पसरायचा. त्यानं अंदाजानंच बारा चौकोन भरले, सही केली आणि पळाला.

एलईडीचा उजेड तसा नसतो. तो भिंगातून पडतो, एका ठिकाणी झोत आणि बाजूला सावली. हे त्याला ठाऊक होतं. नव्या पोरांना तोच शिकवायचा.

आता त्यानं काठी गेंदावर धरली. आकडा वर चढत गेला. चारशे दहा. गेल्या खेपेच्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, दीडशे.

“एक मिनिट हं काकू,” म्हणून तो जिन्यात गेला आणि दुकानात फोन लावून झालं ते सांगितलं.

“पाणी बिघडलं म्हणायचं,” शेठ म्हणाले. “खारेपणा कमीजास्त झाला असं सांग. त्या बाईंना काय कळणार आहे?”

“पण शेठ, कागदावर माझी सही आहे.”

“म्हणूनच सांगतोय. कागद घेऊन ये आणि गप्प बस.”

तो परत आत आला. काकू दाराशीच उभ्या होत्या, काका खुर्चीत. 

“काकू, पाण्याला काही झालेलं नाही,” मोजमाप म्हणाला. “चूक माझी आहे. मी तीनच जागा मोजल्या. बाकीचे आकडे मनाचे लिहिले. गेंदावर उजेड फार पडला. त्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं, तेच त्याला भरवतं. उजेड सोसेना झाला की ते निघून जातं. पांढरा पडलाय, म्हणजे उपाशी आहे तो.”



“तुम्हाला झोप लागली होती,” काकू म्हणाल्या. “मी चहा घेऊन आले होते. ह्यांनी तुमचा हात धरलेला. किती दिवसांनी हे असे शांत दिसले. उठवायचं जिवावर आलं माझ्या.” मग त्यांचा आवाज चढला. “पण म्हणून खोटं लिहायचं? रोज विचारतात हो हे, फुलं कुठे गेली म्हणून. रोज सांगते. ऐकून रोज रडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. मी काय करू, सांगा.”

त्यानं मान खाली घातली. “मरू नये एवढं बघतो. पण सगळा वाचेल असं नाही सांगता येत.”

“मग बघा,” काकू म्हणाल्या आणि टेबलावरचं पेन उचललं. “तुम्ही सांगा, मी लिहिते. पंधराच्या पंधरा.”

त्या दुपारी त्यानं दिवे निम्म्याहून खाली आणले आणि एकेक चौकोन मोजला. “एकशे वीस,” तो म्हणे, काकू लिहीत. पाचव्या-सहाव्या आकड्यापासून काकाही त्याच्या मागून म्हणू लागले, वर्गातल्यासारखे, स्वच्छ आवाजात. “नव्वद.” “नव्वद!”

कागद त्यानं शेठना दिला तो काकूंच्या अक्षरातला, खाली स्वतःच्या हातानं लिहून, की आधीचे आकडे खोटे होते. शेठनी त्याला घरोघरच्या कामावरून काढलं आणि दुकानात मासे पिशव्यांत भरायला बसवलं. मीटर दुसऱ्याकडे गेलं. मोजमापनं हुज्जत घातली नाही. सुट्टीच्या दिवसापुरतं ते मागून घ्यायची परवानगी तेवढी मिळवली.

दर सुट्टीला तो येत राहिला. उजेड आठवड्याला जरासा वाढवायचा, पंधरा जागा मोजायच्या, लिहायच्या. गेंदाचा वरचा भाग गेला. त्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढला आणि खालचा सांगाडा दिसू लागला. कडेला, सावलीच्या बाजूला, जेमतेम दोन-तीन इंच रुंदीची एक पट्टी तेवढी पुन्हा तपकिरी झाली. दहाव्या आठवड्यात तिथे सहा बोटं बाहेर आली. काकूंनी ती मोजली, मग त्यानं मोजली. काका आता काही विचारत नव्हते. ते गेंद हा शब्दही विसरले होते.

“ह्या खेपेला पेन ह्यांना देऊ का?” काकूंनी विचारलं. “सकाळपासून बोटं चाळवतायत.”

काकांनी कागद गुडघ्यावर घेतला. चौकोन त्यांना दिसले की नाही कोण जाणे, पण आकडे ते फार सुबक काढत, एकाखाली एक, शून्याला नीट गोल देत. खोलीभर निळा उजेड सावकाश हलत होता. अकराव्या जागी मोजमाप म्हणाला, “एकशे चाळीस.”

पेन थांबलं. काकांनी मान वर केली, त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

“नीट बघून सांगताय ना?”

“बघितलं काका.”

“पुन्हा बघा.”

काकू काही म्हणणार होत्या, त्यानं नजरेनंच राहू द्या म्हटलं. काठी धरलेला हात पुन्हा खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि चकती खडकावर टेकवली. एक मासा येऊन त्याच्या मनगटाला हुंगून गेला. मीटरवरचे आकडे वरखाली होत होते. काका पेन उचलून वाट पाहत होते, आणि तो श्वास रोखून आकडा ठरायची वाट पाहत होता.