उंबरठ्याबाहेरची भाषा

"मिस्, तुमच्या तुकडीत आमच्यासारख्या परकरवाल्या मुली चालतात का?"

भवानीनं एका दमात विचारून टाकलं. मागं खांबाआड वर्गातल्या शिवकामी आणि गोमती तोंड दाबून हसत होत्या. विचारून दाखव, दोन पेरू देऊ, म्हणत त्यांनीच तिला पुढं ढकललं होतं. शाळेतली गर्ल गाइडांची तुकडी म्हणजे रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांच्या मुली. निळे फ्रॉक, गळ्यात शिट्टी, आणि मैदानावर इंग्रजीवाचून दुसरा शब्द नाही.

मिस् पार्करनं हातातली दोरी खाली ठेवली.

"चालतात. यंदापासून सगळ्यांना घेतो आहोत. पण घरून होकार हवा. शनिवारी येते मी."

पेरू मिळाले, पण भवानी ते दप्तरातच विसरली. शिबिरातले तंबू, गाठी, शिट्टी याखेरीज तिला काही सुचेना.

शनिवारी दाराशी घोड्याचा झटका, म्हणजे इथला टांगा, थांबला. अप्पांनी मिसला झोपाळ्यावर बसवलं. आईनं कॉफीचा पेला तिच्या हातात न देता शेजारच्या पाटावर ठेवला आणि ती माजघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. अप्पांचा सारा जन्म छत्राचा, म्हणजे धर्मशाळेचा, हिशेब मोडीत लिहिण्यात गेलेला. इंग्रजी त्यांना सहीपुरतं. आणि मुलूख तमिळ असला तरी या घरात उंबरठ्याच्या आत मराठीच. दूधवाल्याशी तमिळमध्ये भांडायचं तरी आई ओट्यावर जाई. तेव्हा दुभाषी भवानी. ती अशी काही ऐटीत मधोमध उभी राहिली की अप्पांना हसू लपवावं लागलं.

"विचार गे, त्या शिबिरात सैंपाक कोण करणार?" आई म्हणाली.

भवानीनं विचारलं. मिस् हसली.

"मुलीच. सगळ्या मिळून, एका पातेल्यात. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, ज्या येतील त्या. आणि एकाच पंगतीत जेवायचं."

भवानी आईकडे वळली.

"आचारी आहे म्हणे, आई. आपल्यातलाच. तिरुविडैमरुदूरचा."

"सोवळ्यात करतो का?"

"होय तर!"

आईचा चेहरा सैलावला. "मग जाऊ दे," ती अप्पांना म्हणाली. "शिकेल चार गोष्टी."

सगळं इतकं सोपं होतं! मिसला निरोप द्यायला तिघंही बाहेर आली. उंबरठा ओलांडताच आईची जीभ सवयीनं तमिळकडे वळली.

"पोयिट्टु वांगो," ती म्हणाली. जाऊन या.

मिसनं हात जोडले आणि चक्क तमिळमध्येच उत्तर दिलं. "येते, अम्मा. कॉफी फार छान होती."



"अगं बाई, तुम्हास तमिळ येतं!" आई हरखली. "मग मेली ही पोर कशास मध्ये नाचत होती? बरं, तेवढा आचारी तुमच्या नजरेखाली असू द्या हं. आमची भवानी अजून परक्याच्या हातचं जेवली नाही."

मिसनं भवानीकडे पाहिलं. रागावून नव्हे. नुसतं पाहिलं, आणि थांबली.

भवानी झटक्याच्या घोड्याकडे पाहू लागली.

"आचाऱ्याचं तुमची मुलगीच सांगेल," मिस् म्हणाली आणि झटक्यात चढली.

घोड्याच्या टापा तळ्याच्या वळणापर्यंत ऐकू आल्या. घरात शिरता शिरता आईनं विचारलं, "काय गे, काय सांगायचं राहिलं?"

खोट्या आचाऱ्याला एखादं नाव देऊन निभावता आलं असतं. नावही जिभेवर आलं होतं. अप्पा पुन्हा झोपाळ्यावर बसले होते. भवानी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आचारी नाही. मुलीच रांधतात, सगळ्या जातींच्या, एका पातेल्यात. मी खोटं सांगितलं."

अप्पांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. आईनं मिसचा पेला दोन बोटांनी उचलला, आणि तो कुठं ठेवायचा हे सुचेना अशी ती तिथंच उभी राहिली.

"मी तुकडीत नाव देणार आहे," भवानी म्हणाली. "त्यांच्याबरोबर रांधीन, त्यांच्याबरोबर जेवीन. परत आले की विहिरीवर न्हाऊन मगच आत येईन. आई म्हणेल तितके दिवस ओट्यावर निजेन. पण तिथं जेवले नाही, असं मात्र सांगणार नाही."