सिस्टर, कंसात चुलत

आमच्या लॅबमध्ये माणसांना नावं नसतात, फक्त नंबर असतात. आठ संशोधन गट आणि तीन क्लिनिक मिळून जनुकं वाचणारं एकच मशीन वापरतात. सगळ्यांच्या नळ्या एकाच प्लेटवर येतात, शहाण्णव खळगे, एक फेरी. ती प्लेट मी भरते. नऊ वर्षांत माझ्या हातून एक नळी इकडची तिकडे झालेली नाही. हे मी कुणी न विचारताही सांगते, असं माझा नवरा अमेय म्हणतो. सांगते, मग काय झालं?

म्हणून मंगळवारी सकाळी आमची चिनी प्रमुख हुई मिन टेबलाशी येऊन उभी राहिली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अनघा, एक्केचाळीस आणि बेचाळीस. फॉर्मवर सिस्टर्स लिहिलंय. सिस्टर्स नाहीत लाह." इथल्या बोलण्यातला तो 'लाह' तिच्या वाक्यामागे लागतोच.

प्रत्येक फेरीनंतर कॉम्प्युटर नाती तपासतो. सख्ख्या बहिणींचं साधारण निम्मं जुळतं. या दोघींचं पाव जुळत होतं. पाव म्हणजे मावशी आणि भाची. आणि बेचाळीस नंबरच्या बाईंच्या मुलीची नळी, त्रेचाळीस, पुढच्या फेरीसाठी आमच्याच फ्रीझरमध्ये होती. म्हणजे मी आईच्या जागी मुलीची नळी भरली, असा सरळ अर्थ निघत होता.

एक्केचाळीसच्या बाईंना हृदयाचा आनुवंशिक आजार होता. त्याला कारण असलेला जनुकातला दोष बेचाळीसमध्ये नव्हता. ते रक्त खरंच आईचं असेल, तर आई सुटली आणि तिच्याकडून मुलीलाही धोका नाही. मुलीचं असेल, तर आईच्या हृदयाचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, आणि शुक्रवारी डॉक्टर तिला 'काळजी नको' असं सांगून घरी पाठवणार होते.

"बदलली की नाही बदलली?" हुई मिनने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. नऊ वर्षांचा तोरा एका आकड्याने उतरवला.

मी क्लिनिकचा मूळ फॉर्म मागवला. नातं या रकान्यात हाताने लिहिलं होतं, सिस्टर, आणि पुढे कंसात इंग्रजी अक्षरांत चुलत.

"ते तिचं मधलं नाव ना?" हुई मिन म्हणाली.

मला हसू फुटलं. कुणीतरी मराठी बाई, या परक्या शहरात ईस्ट कोस्टला नाही तर सेंगकांगला माझ्याच शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणारी, चुलत बहिणीला बहीणच म्हणत होती. कंसातला शब्द कुणाला कळला नाही म्हणून कॉम्प्युटरवर चढवताना गळला. पण हसू टिकलं नाही. चुलत बहिणींचं जुळतं आठवा हिस्सा. इथे त्याच्या दुप्पट होतं.

पाव म्हणजे सावत्रही असू शकतं. नावाला चुलत आणि बाप एकच, असं माझ्या मनात येऊन गेलं. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या घरात मी नाक खुपसत होते. माझी मलाच लाज वाटली.

मग अरुणामावशी आठवली. माझी मावशी तीच माझी काकू, कारण आई आणि ती, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोन भावांना दिल्या होत्या. तिच्या मुलीचं, ऋचाचं, आणि माझं नातं कुणी विचारलं की आम्ही दोन्हीकडून सांगायचो, चुलतही आणि मावसही.

आठवा आणि आठवा. पाव.

मी खुर्ची ओढली. मावशी-भाची काय किंवा सावत्र बहिणी काय, त्या एकाच बाजूने जुळतात. पण बाप भाऊ-भाऊ आणि आया बहिणी-बहिणी असतील, तर काही ठिकाणी बापाकडचा धागाही जुळेल आणि आईकडचाही. असे तुकडे शोधायला मी कॉम्प्युटरला सांगितलं.

ते होते. पहिल्या गुणसूत्रावर एक, चौथ्यावर दोन, मग आणखी. सगळे मिळून सोळावा हिस्सा, जेवढा असायला हवा अगदी तेवढाच. मुलीच्या रक्तात असे तुकडे निघालेच नसते, म्हणजे बेचाळीस आईचंच होतं. मी बघतच राहिले. चमचाभर रक्त, त्यातला डोळ्यांना न दिसणारा अंश, आणि त्यात दोन बहिणी एका घरात उंबरा ओलांडून येताना दिसत होत्या. हुई मिनही स्क्रीनवर वाकली. आम्ही दोघी रोज हेच काम करतो, पण त्या दिवशी मला मशीनसमोर हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

क्लिनिकच्या समुपदेशक बाईंनी एक्केचाळीसच्या बाईंच्या घरी फोन करून दुपारी आम्हाला निरोप दिला. आया सख्ख्या बहिणी. दोन्ही लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात.

"त्या विचारताहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांच्या आईला आणि मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली," समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या.

हुई मिनने माझ्याकडे बघितलं. "काय सांगायचं?"

"त्या दोघींनीच," मी म्हटलं.

मग फ्रीझर उघडून त्रेचाळीस नंबरची नळी काढली आणि तिच्यावर 'गरज नाही' अशी चिठ्ठी लावली.