दुःखाच्या घरातली पेज

कामठ्याच्या बौद्ध मोहल्ल्यात कुणाच्या घरी मौत झाली, की भागीरथा तांदळाच्या पेजेनं भरलेला गंज घेऊन हजर. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, हे खरं. पण उपाशी राहिल्यानं गेलेलं माणूस परत येतं का? ती समोर ठाण मांडायची आणि पहिला घोट पोटात गेल्याशिवाय उठायची नाही. वीस वर्षांत तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नव्हतं.

मग २००६ च्या श्रावणात तिचाच नवरा, गुलाब, धानाच्या बांधीत साप चावून गेला. आणि मोहल्ल्यानं शहाणपणाची कमाल केली. डबे रोज आले, पण बायका ते दारात ठेवून पाय काढायच्या. भागीरथेला 'खाय' म्हणून आपण काय सांगायचं? गुरूला का कुणी अक्षर गिरवायला लावतं? भागीरथा डबे लेकीला, खुशबूला, वाढायची आणि स्वतः पाण्यावर राहायची. पाचव्या दिवशी बोरिंगवर पाण्यानं भरली गुंडी उचलताना ती तिथंच कोसळली.

त्या दुपारी शेजारची कुंदाबाई आली. तीन वर्षांपूर्वी तिचा तरणा पोरगा गेला, तेव्हा भागीरथेनंच तिला खाऊ घातलं होतं. कुंदाबाईनं पेजेचा गंज पुढं ठेवला, तेंदूपानांचं सूप मांडीवर घेतलं आणि मुकाट बिड्या वळू लागली.

"काऊन बसून राहिली? जाय घरी," भागीरथा म्हणाली.

"तू उठली होती का तवा?"

"मले भूक नाही."

"बरं."

बिड्यांचा एक कट्टा झाला, दुसरा झाला. दुपार कलली, तरी कुंदाबाई ढिम्म हलेना. शेवटी भागीरथेला रडू फुटलं, पाच दिवसांत पहिल्यांदा.

"खोटं बोलली मी, कुंदा. भूक लागते वं. पहिल्या दिवसापासून लागून राहिली. त्याची राख गरम होती, तवाबी लागली. कशी बाई म्हणावं मले?"

कुंदाबाईचे हात थांबले.

"मलेबी लागली होती," ती म्हणाली. "पोराले नेलं, त्याच सांजेले. शरमेनं बोलली नाही. तू जबरदस्ती केली, म्हणून खाता आलं."

एवढी वर्षं भागीरथा समजत होती, आपण लोकांना बळंच खाऊ घालतो.

तिनं गंज ओढला. पेज पार थंड झाली होती, मीठही कमी होतं. दोन वाट्या प्याली आणि तिसरीसाठी तिनं हात पुढं केला.